एकटा डोळा येत नाही

मोताळ्याच्या स्टँडसमोर माझं मेडिकल आहे आणि गावात मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. डी. फार्म. आहे, तेही दुसऱ्या खेपेला पास झालेला. पण वीस वर्षं काउंटरमागे उभं राहिलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळतं. "डॉक्टर, पोट दुखून राह्यलं." घे गोळी. "डॉक्टर, पोराले ताप." घे बाटली. माझं नाव राजकुमार आहे हे आता फक्त माझ्या आईला आणि वीजबिलाला माहीत असेल. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जो मूर्खपणा केला तो अडाण्याचा नव्हता, शहाण्याचा होता. अडाण्याला निदान कोणी थांबवतं तरी.

माझी बायको जयमाला शिवणकाम करते. माहेर रोहिणखेड. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे आणि अर्ध्या मोताळ्याची पोलकी त्यावर शिवली जातात. बोलणं कमी, हात जास्त. मी दिवसभर बोलून जेवढं कमावतो त्याहून जास्त नाव तिने गप्प बसून कमावलंय, आणि याचा मला कधी कधी रागही येतो.

तिचा उजवा डोळा बिघडलाय हे आम्हाला शेजारच्या पंचफुला काकूंच्या पोलक्यावरून कळलं. काकू ते घालून दारात उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी पुढचा झोल धरला आणि म्हणाल्या, "जयमाले, यात माह्यासारख्या दोघी मावतेत वं!" जयमालाने टेप हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि पहिल्यांदा कबूल केलं की टेपवरचा आकडा तिला तीन तीन दिसतो, एकावर एक सरकलेला. सुईचं नेढंही तीन दिसतं. मग मधल्या नेढ्यात दोरा घालायचा, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. किती दिवस? "दोन वर्षं झाले असतीन," ती म्हणाली.

मी काय केलं? चष्मा बदलला. सहा महिन्यांनी पुन्हा बदलला. ती लहानपणापासून डोळे चोळायची, कापसाच्या दिवसांत तर तळव्याने रगडायची. "चोळू नको" हे सांगायचंही मला सुचलं नाही. शेवटी बुलढाण्याचा चष्मेवाला म्हणाला, "भाऊ, हे माह्या नंबरात बसत नाई. संभाजीनगरले दाखवा."

तिथे योगिनी मॅडम भेटल्या. बुबुळावर एक पारदर्शक काच असते, ती गोल असायला हवी, हिची मधोमध पातळ होऊन पुढे टोक काढतेय, असं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. केरॅटोकोनस. घरी येऊन मी आईला तो शब्द तीनदा सांगितला. माझी आई अंबूबाई कान देऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे डोळ्याले टोक आलं." मला त्यात काही दुरुस्ती सुचली नाही.

डाव्या डोळ्याला कडक लेन्स बसली. उजव्यावर मात्र टोकाशी डाग पडला होता, त्यावर कुठलीच लेन्स टिकेना. काच बदलायची ठरली, नेत्रदानातून मिळेल तेव्हा. चार महिन्यांनी दवाखान्यातून फोन आला, आजच निघा म्हणून. जयमाला एका पोलक्याला हूक लावत बसली होती. दोन राहिले होते. ते तिने लावले, दोरा तोडला आणि मग उठली.

ऑपरेशन नीट झालं. कोणाची काच होती ते दवाखाना सांगत नाही. त्या वर्षी पितृपक्षात आईने आमच्या पितरांच्या पानांशेजारी एक पान जास्तीचं वाढलं. "ज्यानं देलं त्याचं," ती म्हणाली. जातगोत माहीत नसलेल्या माणसाचं पान आमच्या घरात पहिल्यांदा वाढलं गेलं, आणि माझी आई या बाबतीत भारी कडक बाई आहे.

पण गावाला या ऑपरेशनाचं काही खरं वाटेना. गावाला माहीत मोतीबिंदू. रंगराव पाटलांची पट्टी सोडली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टँडवर उभं राहून एसटीची पाटी वाचली होती. तेच पाटील आठव्या दिवशी जयमालाला पाहायला आले.

"दिसते का?"

"धुकं दिसते."

"मंग बदललं काय?" पाटील म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मीही मनातून घाबरलो होतो. ती घाबरली नव्हती, कारण तिला टाके समजत होते. पहिल्याच तपासणीला तिने मॅडमना विचारलं होतं, "टाके किती टाकले?"

"सोळा."

"कच्चे का पक्के?"

मॅडमना कळलं नाही. तिने समजावलं, "कच्चे म्हंजे मंग उसवाचे."

मॅडम हसल्या. "मग कच्चेच. पण उसवायची घाई नाही. एकेक, सावकाश. वर्ष-दीड वर्ष लागेल."

पुढच्या वेळी मॅडमनी मशीनवर डोळ्याचा रंगीत नकाशा दाखवला. इथे ओढ जास्त आहे, म्हणून आज इथला टाका काढू, असं त्या सांगत होत्या. जयमाला म्हणाली, "एका अंगानं दोरा ताणला की कापडाले झोल येते, तसंच नं?" मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच." तेव्हापासून त्या दोघी माझ्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत. घड्याळाप्रमाणे टाक्यांची जागा सांगायची रीतही तिने उचलली. बारा वाजताचा निघाला, तीन वाजताचा राहू दिला. वीस वर्षं औषधं विकणारा मी पिशवी धरून बाजूला उभा असे.

टाका निघाला की नजर थोडी सुधारायची, कधी उगाच थोडी मागेही जायची. सव्वा वर्षात अकरा टाके निघाले. त्या ज्येष्ठात एका सकाळी तिने डावा डोळा मिटला, एकट्या उजव्याने मशीनच्या सुईत दोरा ओवला आणि मला हाक मारली.

"जाड सुई असंल," मी म्हणालो. माझा स्वभाव.

"अकरा नंबरची हाय," ती म्हणाली. अकरा नंबरची म्हणजे बारीक. मग आम्ही दोघंही हसलो आणि मी त्या दिवशी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले.

थेंब मात्र चालूच होते. आधी दोन दोन तासांनी, मग कमी होत होत सकाळी एक. ते स्टिरॉइडचे थेंब होते. शरीराला ही काच परकी आहे हे कळू नये म्हणून. "हे आपल्या मनाने कधीही बंद करायचे नाहीत," मॅडमनी बजावलं होतं, आणि चार खुणा सांगितल्या होत्या. यातली एक जरी दिसली तरी त्याच दिवशी यायचं. जयमालाने घरी आल्या आल्या मशीनमागच्या निळ्या भिंतीवर कापडावर खुणा करायच्या खडूने चार ओळी लिहिल्या.

लाल.
टोच.
उजेड.
धूसर.

खडू पुसट झाला की ती पुन्हा गिरवायची.

मग पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. दोन हजार तेवीसची. घरटी दोन-तीन माणसं लाल डोळ्यांनी बसलेली. बाजारात भाजीपेक्षा काळे गॉगल जास्त खपले. धोतर, टोपी आणि वर गॉगल अशी म्हातारी माणसं पारावर ओळीने बसायची. ऑपरेशनपासून जयमाला गॉगल लावायची म्हणून बाया तिला हिरोइन म्हणून चिडवत. आता सगळं मोताळाच हिरो झालं.

माझी तर चांदी होती, खोटं कशाला बोलू. सकाळी शटर उघडायच्या आधी रांग. मी टॉर्च मारून डोळा बघायचो, पापणी खाली ओढायचो, "आले," म्हणायचो आणि थेंबांची बाटली द्यायचो. आरोग्य खात्याची सूचना आली होती, ती काचेवर चिकटवली होती. हात धुवा. रुमाल वेगळा ठेवा. आणि शेवटी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्टिरॉइडचे थेंब वापरू नका. ही शेवटची ओळ मी लाल पेनाने अधोरेखित केली होती, कारण काही लोक जुन्या बाटल्या शोधून घालत होते. सूचना बरोबर होती. मी दिवसातून वीसदा ती मोठ्याने वाचून दाखवायचो.

एका शनिवारी दुपारी जेवायला घरी आलो तर जयमाला मशीन थांबवून बसलेली. शाळेच्या गणवेशांचा ढीग शेजारी पडलेला.

"डोळा लाल झाला माहा," ती म्हणाली.

"साऱ्या गावाचा झाला."

"टोचून राह्यलं. आठ वाजताच्या जागी. तिथला टाका ढिला झाला वाट्टे."

मी टॉर्च मारली. उजवा डोळा लालच होता. टाका काही मला दिसला नाही, केसाहून बारीक दोरा तो, टॉर्चने दिसणार कसा? पण दिसत नाही म्हणजे नाही, असा माझा हिशोब.

"तू डोळ्याले बी पोलकं समजतं का? डोळे आले तुले. दुकानात रोज शंभर पाहून राह्यलो मी."

"मॅडमले फोन लावू का?"

"डोळे आल्याचा फोन? हसतीन त्या."

तिने ढिगातला एक गणवेश ओढून घेतला. मला वाटलं पटलं. मग मी अजून शहाणपणा केला. खिडकीतली स्टिरॉइडची बाटली उचलली. "हे आता बंद. डोळे आले असताना हे घालत नसतात. सूचना लावली नं मी दुकानात?"

"मॅडम म्हणे का आपल्या मनानं बंद करू नका."

"हे तुह्यं मन कुठं हाय? हे माह्यं हाय."

हे वाक्य मी जसंच्या तसं बोललो होतो. बाटली खिशात घातली, दुकानात नेऊन गल्ल्याच्या खणात टाकली आणि संध्याकाळी तिच्यासाठी तीच बाटली आणली जी सगळ्या गावाला देत होतो. तिने मुकाट्याने घातली. रविवारी डोळा तसाच. मी म्हणालो, तीन दिवस लागतात. गिऱ्हाइकांनाही तेच सांगत होतो.

सोमवारी सकाळी आई ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. मी निघालो तशी म्हणाली, "राजा, तिचा एकच डोळा लाल हाय रे."

"मंग?"

"दुसरा साफ हाय. चिपडं बी नाई. डोळे येतात, बाबू. एकटा डोळा येत नाई."

मी हसलो. खरं सांगायचं तर वैतागलो. साथीत पहिल्यांदा एकच डोळा येतो आणि मग दुसरा, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि दुकानात रोज दिसत होतं. "माय, तू शेंगा निवड," मी म्हणालो. पण तिसरा दिवस होता आणि दुसरा डोळा आला नव्हता, हे पुस्तक न वाचलेल्या म्हातारीच्या लक्षात आलं होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी पाहतच नव्हतो. मी रांग पाहत होतो.

मंगळवारी साडेनऊला मी काउंटरवर होतो. रांगेच्या बाजूने जयमाला आली. इस्त्रीची साडी, गॉगल, हातात प्रवासाची पिशवी. दवाखान्याची फाइल पिशवीतून वर आलेली.

"बाटली द्या," ती म्हणाली.

"कोणती?"

"माही. खणातली." मग हळूच, रांगेला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, "चौथं बी झालं."

मला क्षणभर कळलं नाही. मग भिंत आठवली. लाल, टोच, उजेड आणि चौथं धूसर.

"सकाळी डावा मिटून पाह्यला. कॅलेंडर दिसत नाई. कालपरवा उजेड बी सहन होत नव्हता."

"सांगतलं काऊन नाई?"

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बुलढाण्याची गाडी लागून हाय. तिथून संभाजीनगरची धरते. तुमी राहू द्या, गर्दी हाय तुमाले."

टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उलट बोललो असतो. पण तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. गर्दी होती म्हणून ती गर्दी म्हणाली. मी खणातून बाटली काढून तिच्या हातात दिली. मी शटर ओढलं. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "डॉक्टर, आमचे थेंब?" मी म्हणालो, "सरकारी दवाखान्यात जा. तिथं डॉक्टर हाय."

राजूरचा घाट चढताना ऊन तिच्या बाजूच्या खिडकीतून येत होतं. मी जागा बदलली. कंडक्टरने तिला अर्धं आणि मला पूर्ण तिकीट फाडलं. एरवी यावर मी दहा मिनिटं बोललो असतो. ती उजवा डोळा पदराने झाकून बसली होती आणि मी मनातल्या मनात देवाला नवस बोलत होतो. देवही म्हणत असेल, आता आठवण झाली का?

बुलढाण्याला गाडी बदलली. धाड मागे पडल्यावर ती आपण होऊन म्हणाली, "मले शनिवारीच माहीत होतं. गळ्याशी टाका सुटला का दोऱ्याचं टोक कसं टोचते, तसंच होतं. शिवणारीले कळते ते."

"मंग ऐकलं काऊन माहं?"

तिने विचार केला. खरंच विचार केला, उत्तर टाळलं नाही.

"मी तुमाले विचारलं नं. विचारलं का मंग ऐका लागते."

गाडी भोकरदनकडे पळत होती. मला वीस वर्षांतली सगळी माणसं आठवत होती, ज्यांनी मला विचारलं होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. मॅडमनी तिला मशीनपुढे बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ पाहिलं. मी भिंतीशी उभा होतो.

"आठ वाजताचा टाका ढिला झालाय," मॅडम म्हणाल्या. जयमालाने माझ्याकडे पाहिलंही नाही. मॅडम पुढे म्हणाल्या, "आणि शरीराने काच नाकारायला सुरुवात केलीय. सूज आहे. जयमालाताई, थेंब रोज घालत होता ना?"

 जयमालाची हनुवटी अजून पट्टीवरच होती.

"शनिवारपासून बंद केले मी," ती म्हणाली.

मी केले, ती म्हणाली. माझ्यासाठी. मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच राहिलं असतं, फाइलवर लिहिलं गेलं असतं, पेशंटने स्वतःहून औषध बंद केलं म्हणून. आणि मला कबूल करायला हवं की मी गप्प राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. मॅडमनी पेन उचलेपर्यंत.

"तिनं नाही, मॅडम. मी बंद केले."

"तुम्ही?"

"माझं मेडिकल आहे. मला वाटलं डोळे आलेत."

मॅडम चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. "साथीत असं वाटू शकतं," त्या म्हणाल्या. "इतर कोणाला तुम्ही दिलेला सल्ला बरोबरच ठरला असता. यांना नाही. आणि यांनी तुम्हाला टाका ढिला झालाय असं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"जागा सांगितली होती?"

"आठ वाजता."

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. चिडल्या असत्या तर परवडलं असतं.

तो टाका त्यांनी लगेच काढला. बाटलीतले थेंब आता दर तासाला. "वाचेल का?" मी विचारलं. "बघू," त्या म्हणाल्या. "अशा वेळी वेळेत आलेल्यांपैकी बऱ्याच जणांची काच पुन्हा साफ होते. तुम्ही तीन दिवस घालवलेत, पण तीन आठवडे घालवले नाहीत."

आठ दिवस तिथेच राहिलो. मोबाइलवर दर तासाचा गजर लावला होता. हात धुवायचे, पापणी खाली ओढायची, एक थेंब, डोळा मिटायचा. रोज शंभर पापण्या ओढणारा मी, पण एवढ्या हळुवारपणे कधी ओढली नव्हती. पहिले चार दिवस काहीच फरक नाही. रोज सकाळी ती डावा मिटून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायची आणि मी तिचं तोंड बघायचो. पाचव्या दिवशी म्हणाली, "काटे हायेत." सातव्या दिवशी म्हणाली, "दहाले पाच कमी." मी घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमीच होते. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून आलो. पाणी प्यायला गेलो होतो असं सांगितलं. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

काच साफ झाली, पण पहिल्याइतकी नाही. तक्त्यावरची एक ओळ कमी. मॅडमनी मोकळेपणाने सांगितलं की काचेच्या आतल्या पेशी ज्या गेल्या त्या परत येत नाहीत, ही काच किती वर्षं चालेल ते आज सांगता येणार नाही, आणि असं पुन्हा होऊ शकतं. म्हणून त्या चार खुणा जन्मभर. जयमालाने मान हलवली. "चार टाके राह्यले नं?" तिने विचारलं. "चार," मॅडम म्हणाल्या. ती एक ओळ माझ्यामुळे गेली हे त्या म्हणाल्या नाहीत. जयमालाही आजपर्यंत म्हणालेली नाही. मला ते रोज माहीत असतं.

घरी आलो तोवर गावातली साथ ओसरली होती. गॉगल कपाटात गेले होते. दुकानाच्या काचेवरच्या सूचनेखाली मी लिहिलं, ज्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे त्यांनी मला न विचारता आपल्या डॉक्टरांकडे जावं. रंगराव पाटील वाचून म्हणाले, "म्हंजे तू डॉक्टर नाई होय रे?" मी म्हणालो, "नाई, पाटील." गावाने ऐकलं नाही, अजून डॉक्टरच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलो. मशीनचा आवाज येत होता. गणवेश पुन्हा सुरू झाले होते. मी हात धुऊन चार वाजताच्या थेंबाची बाटली पाहायला खिडकीशी गेलो आणि भिंतीवर नजर गेली. चारही ओळी नव्या खडूने गिरवलेल्या होत्या. खाली पाचवी होती.

विचारत बसू नये.

मी उभाच राहिलो. लागलं मला ते, फार लागलं. जयमालाने मशीन थांबवलं नाही. पाठमोरीच म्हणाली, "तुमच्यासाठी नाई लिव्हलं. माह्यासाठी लिव्हलं."

"माहीत हाय," मी म्हणालो.

खिशात मार्कर होता, गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहायचा. खडू पुसतो, तिला दर आठवड्याला गिरवावं लागतं. मी स्टूल ओढलं आणि पहिल्या ओळीपासून सगळं मार्करने पक्कं केलं. पाचवी ओळही. तिथे हात जरा थांबला, पण केली.

मशीन थांबलं होतं. जयमाला वळून बघत होती.

"अक्षर पाहा कसं काढलं," ती म्हणाली. "डॉक्टरासारखं. कोणाले वाचता येईन हे?"

"तुले येते का सांग."

तिने डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. मशीनपासून भिंत सात-आठ फूट असेल. उजवा डोळा तिने थोडा बारीक केला, मग सोडला, आणि सावकाश वाचायला लागली.

"लाल. टोच. उजेड. धूसर." ती थांबली. मी स्टुलावर तसाच, हातात मार्कर.

"विचारत बसू नये," तिने वाचलं.